आधी माळवदावरची माती उतरवा

प्रश्न : सर, औशाला आमचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा वाडा आहे, आजेसासऱ्यांच्या वेळचा. ढेळज, चौक, दोन्ही अंगाला ओसरी, माजघर, मागं परस आणि बुजलेला आड. दर पावसाळ्यात माजघर गळतं, मागच्या भिंतीला पोट आलंय. माझे पुण्यातले दोन्ही दीर म्हणतात, पाडून टाका आणि स्लॅबचं बांधा. गुत्तेदारानं १,१०० चौरस फुटांना १,७५० रुपये फुटानं भाव दिलाय. कर्ज धरून आमच्याकडं १८ लाख जमतील. लाकडाचा एक व्यापारीही येऊन गेला. फुकट पाडून देतो, वर अडीच लाख देतो, फक्त लाकूड माझं, असं म्हणाला. मिस्टर कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. मला वाडा ठेवावासा वाटतो. पण आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात त्यांचा भाऊ आणि दोन भाचे गेले. तेव्हापासून त्या माळवदाखाली झोपत नाहीत. चौकातल्या पत्र्याच्या छपरीत झोपतात, थंडीतसुद्धा. त्यांच्यासमोर ‘वाडा ठेवू’ म्हणायची माझी हिंमत होत नाही. काय करावं? आणि आर्किटेक्टला पैसे द्यायची खरंच गरज असते का? इथं एकजण पाच हजारात नकाशा काढून देतो.
– एक शिक्षिका, औसा

ताई,

आत्याबाईंचं बरोबर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी बराचसा वाडा ठेवण्याच्या बाजूनं बोलणार आहे. त्यांची भीती खोटी ठरवून वाडा वाचवायचा असं तुम्ही मनात धरलं असेल, तर ते सोडून द्या. वाड्याची तपासणी त्यांच्या भीतीपासूनच सुरू करायची आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. मी तेव्हा पुण्यात आर्किटेक्चर शिकत होतो. चौथ्या दिवशी आम्ही काही पोरं मदतीला म्हणून आलो. मदत कसली, पहिले दोन दिवस आम्ही नुसते उभे होतो. पण एक गोष्ट डोळ्यांत बसली ती आजवर गेली नाही. गल्लीच्या गल्ली दगडांचा ढीग झालेली, आणि त्या ढिगातून मध्येच एखाद्या घराचे सागवानी खांब आणि तुळया जागेवर तशाच उभ्या. भिंती बाहेर पडलेल्या, सांगाडा शाबूत. तेव्हा त्याचा अर्थ कळण्याइतकी अक्कल नव्हती. अर्थ कळायला आणखी काही वर्षं आणि बऱ्याच भिंती उकलाव्या लागल्या.

आपल्याकडची जुनी दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, म्हणून माणसाला ती बळकट वाटते. खरं तर त्या दोन भिंती असतात. बाहेरचं तोंड एक, आतलं तोंड एक, मधल्या पोकळीत दगडाचे तुकडे आणि माती. ही दोन तोंडं एकमेकांना धरून ठेवायला मधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा लांब दगड आडवा घालावा लागतो. जाणता गवंडी तो घालायचा. पण असा दगड महाग, घडायला वेळखाऊ, म्हणून बहुतेक ठिकाणी तो घातलेलाच नाही. जमीन हलली की अशी भिंत मधोमध उकलते. बाहेरचं तोंड गल्लीत पडतं, आतलं तोंड झोपलेल्या माणसावर.

दुसरी गोष्ट डोक्यावरची. माळवदाला खाली तुळया, त्यावर सर म्हणजे बारीक आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा किलचन म्हणजे लाकडाच्या काटक्या, आणि मग पांढरी माती. मूळ थर फार जाड नसायचा. पण गळायला लागलं की मिरगाच्या आधी वर आणखी माती चढवायची, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा इलाज. जुनी कुणी काढत नाही. तुमच्या माजघरावर आज किती माती आहे, हे घरातलं कुणी सांगू शकणार नाही. साण्याच्या, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकाच्या कडेला पट्टी लावा, तिथं थर उघडा दिसतो. दोन फूट निघाली तर मला नवल वाटणार नाही.

आता हिशोब करा. एक चौरस फूट जागेवर एक फूट माती म्हणजे साधारण ४५ किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती असेल, तर १० टनांच्या वर वजन झालं. म्हणजे खाली पोरं अभ्यास करताहेत आणि डोक्यावर एक भरलेला ट्रक उभा आहे. ती ओली झाली की वजन आणखी वाढतं. आत्याबाई ज्याला भितात ते हेच. मग त्यांना चुकीचं कसं म्हणायचं?

पण मारलं ते या वजनानं आणि न बांधलेल्या भिंतीनं. लाकडानं नाही, वाड्याच्या जुनेपणानंही नाही. ज्या घरांत माळवदाचा भार खांबांवर होता आणि भिंत नुसती कडेनं उभी होती, तिथं सांगाडा टिकायला जागा होती. तुमच्या वाड्यात कसं आहे ते सोपं बघता येतं. भिंतीलगत खांब आहेत का, की तुळईचं टोक सरळ भिंतीत शिरलंय? माजघरात आणि ओसरीत वेगवेगळं असू शकतं. ही एक गोष्ट बघून मला कळवलीत तर निम्मं उत्तर मी पत्रातूनही देऊ शकेन.

म्हणून माझा सल्ला असा की पाडायचं की ठेवायचं हा वाद आत्ता बाजूला ठेवा. आधी माळवदावरची माती उतरवा. वाडा ठेवलात तरी ती उतरवायचीच आहे, आणि पाडलात तरी सगळ्यात आधी तीच उतरवावी लागणार. म्हणजे हा खर्च कुठल्याही बाजूनं वाया जात नाही, आणि उद्यापासून डोक्यावरचा ट्रक हलतो.

उतरवताना मात्र घाई नको. पाठीमागच्या, पोट आलेल्या भिंतीकडच्या तुळयांना आधी खालून टेकू द्या, सेंट्रिंगवाल्यांच्या लोखंडी जॅकचे चालतात. माती सगळीकडून थोडीथोडी काढायची. एका बाजूची सगळी उतरवून दुसरीकडं ढीग घातलात तर जे इतकी वर्षं पडलं नाही ते त्या दिवशी पडेल. वर एका वेळी चार-पाच माणसं, खाली कुणी नाही. आत्याबाईंना त्या दिवशी शेजारी पाठवा, आवाजसुद्धा ऐकू येऊ देऊ नका. फळ्या उघड्या पडल्या की सुतार बोलवा, जुन्या लाकडात हात घातलेला, नुसता मॉड्युलर किचनवाला नको. त्यानं प्रत्येक सर ठोकून बघायची, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक उघडून बघायचं, आणि खांब तळखड्यावर जिथं टेकतो तिथं पेचकस खुपसायचा. वाळवी आणि ओल सागवानाला मध्यात फार कमी धरतात, धरलंच तर टोकांना आणि बुडाला.

वर परत काय घालायचं? फळ्या बदलून त्यावर पाणी अडवणारा पडदा, त्यावर पातळ थर मातीचा, वर फरशी किंवा विटेचा कोबा, आणि पाणी पन्हाळीकडं पळेल असा ढाळ. सगळं मिळून आठ इंचांच्या वर मी जात नाही. गारवा थोडा कमी होतो, हे कबूल करतो. पण मे महिन्यात उघड्या स्लॅबखाली दुपार काढलेल्या माणसाला तो कमी झालेला गारवाही पुष्कळ वाटेल. कुणी म्हणेल, सरळ पत्रे टाका. वजनाच्या दृष्टीनं त्याचं चूक नाही. पण मग दुपारी घरात कुणी थांबत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही.

भिंतींचं वेगळं. ज्या भिंती सरळ आहेत त्या शिवता येतात. दर तीन-चार फुटांवर भिंतीतून आरपार भोक पाडायचं, हळूच, दगड सैल करून, ड्रिल मारून हादरवून नाही. त्यात दोन्हीकडं आकडे केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दोन्ही तोंडांना ते थोडं पसरट झालं पाहिजे, म्हणजे शर्टाच्या बटणासारखं दोन्ही तोंडं धरून ठेवतं. जो आरपार दगड पूर्वीच्या गवंड्यानं घातला नाही, तो आपण आज घालतोय एवढंच. शिवाय चौकटींच्या वरच्या पातळीला सगळ्या घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा आतून-बाहेरून, कंबरपट्ट्यासारखा. आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू. किल्लारीनंतर दुरुस्तीचे हेच उपाय सांगितले गेले, आज ते भारतीय मानकांतही आहेत. पण त्या दिवसांत लोकांना दगडाचं नावच नको झालं होतं. कोण ऐकणार?

पोट आलेली मागची भिंत मात्र शिवायच्या भानगडीत पडू नका. तिची दोन्ही तोंडं आधीच एकमेकांना सोडून निघालेली आहेत. ती उतरवायची, त्याच दगडात पण सिमेंटच्या मसाल्यात, कमी जाडीची आणि नीट बांधलेली नवी उभी करायची. तिला पोट का आलं तेही बघा. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो, की त्या भिंतीला बाहेरून कधीतरी सिमेंटचं प्लास्टर झालेलं आहे आणि पलीकडं न्हाणी किंवा मोरीचं पाणी जातं. मातीत बांधलेली भिंत श्वास घेते. वरून सिमेंट लिंपलं की आतली ओल आतच राहते, माती चिखल होते, आणि भिंत गरोदर बाईसारखी फुगते. चुन्याचा गिलावा करा. चुना मळणारे गवंडी कमी झालेत, पण लातूर-उदगीरकडं विचारत गेलात तर सापडतात.

आता तुमच्या दिरांचं. त्यांना वेड्यात काढू नका. पुण्यात राहणाऱ्या माणसाला दर दिवाळीला येऊन बादल्या मांडायच्या नसतात, यात गैर काय? पण त्यांनी धरलेला हिशोब कच्चा आहे. १,१०० गुणिले १,७५० म्हणजे १९ लाख २५ हजार. तुमच्या १८ लाखांच्या वर पहिल्याच ओळीत गेला. त्या १,७५० मध्ये काय धरलंय ते लेखी मागा. फूट कुठला, भिंतींच्या आतला की स्लॅबचा? पाया किती खोल? गावठाणात वर पांढरीची भर असते, खाली काळी माती लागते की मुरूम, हे खड्डा मारल्याशिवाय देवालाही ठाऊक नसतं. काळी लागली तर पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरवरच्या पायावरच्या नव्याकोऱ्या घराला दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपऱ्यात तिरक्या भेगा पडतात. माझ्याकडं भेगा घेऊन येणाऱ्यांत माळवदवाल्यांपेक्षा स्लॅबवाले जास्त असतात. हा धंद्यातला विनोद आहे, पण खरा आहे.

गुत्तेदाराच्या भावात दगड-मातीची वाहतूक नसणार. वीज, टाकी, फाटक, परसातली फरशी नसणार. पाडताना शेजाऱ्याची सामाईक भिंत उघडी पडली तर ती कोण सावरणार, हे तर कुणीच धरलेलं नसतं. जुन्या गल्लीत ही सगळ्यात मोठी भानगड. दोन घरं एका भिंतीवर पाठीला पाठ लावून उभी असतात. एक काढलं की दुसरं कलतं, आणि तीन पिढ्यांचा शेजार कोर्टात जातो. पाडण्याआधी आणखी एक बघा. विकास आराखड्यात तुमच्या गल्लीला रुंदीकरण दाखवलेलं असेल, तर नव्या बांधकामाला मागं सरकावं लागेल आणि ढेळज जाईल ती कायमची. नगरपरिषदेत जाऊन विचारा. मालमत्ता पत्रकावर तिन्ही भावांची नावं असतील तर परवानगीच्या अर्जावर तिघांच्या सह्या लागतील, तेव्हा हा विषय चहाच्या कपावर न ठेवता एकदा कागदावर आणा. दुरुस्तीसाठी छताला हात लावणार तेव्हाही नगरपरिषदेला आधी लेखी विचारून ठेवलेलं बरं.

आणि तो लाकडाचा व्यापारी! ताई, त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. फुकट कोण कशाला पाडील? जुनं, वाळलेलं सागवान आज वखारीत तसं मिळतच नाही. नक्षीचा खांब, चौकट, कडी-कोयंड्यासकट दार यांना मोठ्या शहरांत हॉटेलं आणि बंगलेवाले मागतील ती किंमत देतात. अडीच लाखांत तो तुमच्या घराचा सांगाडा नेतोय, आणि पाडण्याची मजुरी त्यातूनच काढतोय. शेवटी पाडायचं ठरलंच, तरी प्रत्येक नग मोजून, यादी करून, दोघा-तिघांकडून भाव घ्या.

माझ्या डोक्यात तुमच्यासाठी आहे ते साधारण असं. पुढची ढेळज, चौक, ओसरी, माजघर यांचं वजन उतरवून, भिंती शिवून ठेवायचं. मागची भिंत नवी. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास हे सगळं पाण्याचं काम वाड्यातून बाहेर काढून परसात, स्वतःच्या पायावर, स्वतःच्या सांगाड्यावर, लहानसं स्लॅबचं. जुन्या आणि नव्याच्या मध्ये दोन इंचांची फट सोडायची आणि ती कुणाच्या सांगण्यावरून सिमेंटनं भरायची नाही. दोन्ही वेगवेगळी हलणार, एकमेकांना धडका द्यायला नकोत. दिरांना स्लॅब मिळतो, दिवाळीला त्यांना कमोडवाली न्हाणी मिळते, तुम्हाला चौक राहतो. १८ लाखांत बसेल का, हे मी आत येऊन मोजल्याशिवाय सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा. पण टप्प्यानं करता येतं. यंदा माती आणि मागची भिंत, पुढल्या वर्षी परस. स्लॅबच्या घराला ही सोय नसते, निम्मा स्लॅब टाकून थांबता येत नाही.

आडाचं जाता जाता सांगतो. बुजवलेला उपसून घ्या आणि छताचं पाणी त्यात सोडा. हजार चौरस फूट छतावर ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ६० हजार लिटरच्या वर पाणी होतं. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या जिल्ह्यात ते गटारीला सोडणं बरं नाही.

आता आर्किटेक्टचं. माझ्याच धंद्याची बाजू घेतोय, तेव्हा जरा पारखून ऐका. पाच हजारात मिळतो तो परवानगीपुरता कागद. मोकळ्या प्लॉटवर चारचौघांसारखं घर बांधणाऱ्याला तो कधीकधी पुरतोही, मी उगाच घाबरवणार नाही. पण जुन्या घराला तो कागद कामाचा नाही, कारण तो काढणारा माळवदावर चढलेलाच नसतो. आमच्यासारख्या लहान ऑफिसात आम्ही तिघं. वाड्याचं काम घेतलं की पहिला आठवडा नुसता टेप, ओळंबा आणि टॉर्च. प्रत्येक खोलीचे कर्ण मोजतो, कारण जुन्या घरात एकही कोपरा काटकोनात नसतो. भेगांवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितो. पट्टी तडकली तर भिंत अजून चालतेय, नाही तडकली तर भेग जुनी, निजलेली. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो. त्याची फी वेगळी, आणि ती वाचवू नका. त्यानंतर कुठं रेषा ओढायला सुरुवात.

फी एकरकमी ठरवू नका. मोजणी आणि अहवाल हा पहिला तुकडा, त्याचे पैसे वेगळे. तो हातात आला की तुम्ही मोकळ्या. वाटलं तर पुढं जा, नाही तर तो कागद घेऊन दुसऱ्याकडं जा. दिरांशी बोलायलाही तो उपयोगी पडेल, कारण सुनेच्या शब्दापेक्षा शिक्क्याच्या कागदाला आपल्या घरांत वजन जास्त असतं, काय करणार. माणूस खरोखर आर्किटेक्ट आहे का, हे त्याचा वास्तुकला परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारून बघा. १९७२च्या कायद्यानं नोंदणीशिवाय ती पदवी लावता येत नाही, पण पाट्या भरपूर दिसतात. त्यानं याआधी दुरुस्त केलेलं एखादं जुनं घर पावसाळ्यात जाऊन बघा, आणि बोलायचं ते घरातल्या बाईशी. गुत्तेदाराचे पैसे कामाच्या टप्प्यावर द्या. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, हे करारातच लिहून घ्या.

राहिल्या आत्याबाई. तुम्ही त्यांच्यासमोर ‘ठेवू’ किंवा ‘पाडू’ यातलं काहीच म्हणू नका. एका निवांत दुपारी विचारा, त्या पहाटे माहेरी कुठली भिंत पडली, काय उभं राहिलं. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसेल, सगळ्यांनी विषय टाळला असेल. सांगणार नसतील तर आग्रह नको. सांगितलं तर ऐकून घ्या, शिकवायला जाऊ नका. आणि चौकातली पत्र्याची छपरी मोडू नका. काम सुरू झालं की पहिली खोली त्यांची करा, छपरीला लागून, चौकात दार उघडणारी, वर हलकं छत, डोळ्यांना दिसेल असं. त्या तिथं झोपतील की नाही हे मला माहीत नाही. माझी स्वतःची मावशी शेवटपर्यंत अंगणातच झोपली. पण वर माती नाही हे त्यांनी स्वतः शिडीवर नातवाला चढवून बघून घ्यावं, अशी सोय ठेवा.

माती उतरवायची तर होळी झाली की माणसं लावा. मे लागला की मजूर शेतीकामाला जातात, आणि मिरगाच्या तोंडावर उघडं माळवद ठेवून बसण्यासारखं संकट नाही. निघालेली पांढरी माती शेतात टाकायला कुणी ना कुणी ट्रॅक्टर घेऊन येईल, वाहतुकीचा खर्च वाचेल.

तोवर एक काम करा. मागच्या भिंतीला वरून ओळंबा सोडून बाजूनं फोटो काढा आणि पाठवा. दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर दिसू द्या. ओळंबा नसेल तर सुतळीला कुलूप बांधलं तरी चालतं.